दोन सुरुवातींमधलं अंतर

६ जानेवारी २०२५, सोमवार
लातूर

पोचले एकदाची! अब्बा नांदेडच्या स्टँडवर सोडायला आले होते. कंडक्टरला तीनदा बजावलं, लडकी पहिल्यांदा लातूरला जाऊन राहिली, औसा रोडला नीट उतरवा. शेवटी कंडक्टर म्हणाला, मामू, आता तुम्हीच बसा तिच्या शेजारी. सगळी बस हसली. अब्बाही हसले, आणि बस हलली तसे खिडकीबरोबर चार पावलं चालत आले.

मुदखेडला स्टेशनजवळ अब्बांचं स्टो-कुकर दुरुस्तीचं दुकान आहे. पाशामियाँ म्हटलं की कुणीही दारात आणून सोडतो. अम्मी जाऊन सात वर्षं झाली. घरी आता अब्बा आणि धाकटी जेबा. ही वही जेबानंच दिली. रोज लिही म्हणाली, ईदला आलीस की मी सगळी वाचणार. म्हणून जेबा, हे तुझ्यासाठी.

बसवराज सरांचं घर क्लासेसच्या होस्टेलांच्या मागच्या गल्लीत आहे. सरांनी पस्तीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं, आता घरीच संशोधन करतात. त्यांना मदतनीस हवा होता. आमच्या नांदेडच्या मॅडमनी "आमच्या इकराला घ्या" म्हणून माझं नाव सुचवलं. वर्षभर काम केलं की पीएच.डी.ची वाट मोकळी. मला वरची खोली मिळाली आहे. समोर होस्टेलची गच्ची, तिच्यावर पोरींचे वाळत घातलेले ड्रेस आणि त्यामागे पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोंचा मोठा फलक.

सरांच्या बायको शिवकांता काकू. त्यांना कमी ऐकू येतं, मशीन असूनही घरात लावत नाहीत. हातवारे करून बोलावं लागतं. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. कारलं सोडून सगळं खाते असं मी खुणेनं सांगायला गेले तर त्यांना वाटलं माझं पोट दुखतंय. ओवा घेऊन आल्या. दोघी खूप हसलो.

९ जानेवारी, गुरुवार

आज सरांनी काम समजावलं. जेबा, तुला कळेल असं लिहिते.

काही धातू फार थंड केले की त्यांतून वीज कसल्याही अडथळ्याशिवाय वाहते. ही अतिवाहकता. पातळ पत्र्यात ती कशी पसरते, कुठे मोडते, हे सांगणारं एक समीकरण आहे. पण खरा पत्रा कधीच स्वस्थ नसतो. त्याच्या आतली उष्णता त्याला क्षणाक्षणाला कसेही, कुठूनही धक्के देत राहते. ते धक्के समीकरणात घातले की प्रश्न असा : फार फार वेळ गेल्यावर काय होईल? आपण कुठून निघालो होतो हे त्या पत्र्याला आठवेल का?

सर म्हणतात, नाही आठवणार. कुठूनही निघा, शेवटी सगळ्यांची गत एकच. कोणती अवस्था किती वेळा दिसणार याची एक कायमची वाटणी ठरलेली असते, तेवढीच उरते. सुरुवात पुसली जाते.

हे तपासायचं कसं? पत्र्याच्या दोन प्रती घ्यायच्या. दोघींची सुरुवात अगदी वेगळी ठेवायची, पण धक्के तेच द्यायचे, त्याच क्रमानं. आणि दोघींमधलं अंतर मोजत बसायचं. संगणकाच्या पडद्यावर दोन चौकोन दिसतात, त्यांत भोवरे फिरतात. बघायला फार सुंदर. आज अंतर ०.९४ होतं.

धक्के मात्र सरांना खरे हवेत, संगणकानं बनवलेले नकोत. त्यांनी काही वर्षांपूर्वी एक पेटी तयार केली. एका साध्या तारेच्या आतली उष्णता जो आवाज करते, तो ही पेटी मोठा करते. त्याची चाळीस तासांची खरखर त्यांनी ध्वनिमुद्रित करून ठेवली आहे. मधेच मोटार सुरू झाली किंवा लाइट गेली तर त्यात खटका येतो. ते खटके कानानंच पकडावे लागतात. रोज चार तास हेडफोन लावून एकेक तुकडा दोन-तीनदा ऐकायचा आणि खटक्याची वेळ टिपायची, एवढंच माझं काम. माझ्याआधी उमरीचा हरिओम नावाचा मुलगा होता. त्याचे एकतीस तास झाले होते. दिवाळीत तब्येतीमुळे गावी गेला तो आलाच नाही. पण तपासणारा कान एकच हवा, म्हणून मी पहिल्या तासापासून सुरू केलं.

पहिली दहा मिनिटं जीव नकोसा झाला. मग बरं वाटायला लागलं. पाण्याखाली बसल्यासारखं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काकूंनी तिळगूळ दिला आणि नवी ओढणीसुद्धा. त्यांच्या स्वयंपाकघरात एका मुलाचा फोटो आहे, हार घातलेला. वीस-एकवीस वर्षांचा असेल, हेल्मेट काखेत धरून हसतोय. काकूंनी त्याच्यापुढेही तिळगूळ ठेवला. मी विचारलं नाही. सर पाणी प्यायला आले, फोटोला अगदी खेटून उभे राहिले, पाणी प्यायले आणि गेले. वर मानसुद्धा केली नाही.

बारा तास ऐकून झाले. अंतर ०.६१. सर खूश आहेत.

२३ जानेवारी, गुरुवार

काम छान चाललं आहे. आता खटका येण्याआधीच मला कळतो, बोट आपोआप पेनाकडे जातं. अंतर ०.३७.

दुपारी जेबाचा फोन आला. मी तिला म्हणाले, विहिरीवरच्या चिंचेला यंदा भार कसा आहे? जेबा म्हणाली, कोणची विहीर आपा? आपल्याकडे नळ आहे, तोही चार दिवसांनी येतो. मग दोघी हसत सुटलो. कुठून डोक्यात आलं कुणास ठाऊक. पण मला झाड दिसत होतं. खालच्या फांदीला दोर बांधलेला, त्याची साल घासून गुळगुळीत झालेली.

संध्याकाळी खिडकीशी बसलो होतो. होस्टेलच्या पोरी गच्चीवर पाठांतर करत होत्या. इतक्या लांबून त्यांचा आवाज खरखरीसारखाच येतो.

३१ जानेवारी, शुक्रवार

मागची पानं वाचत होते. २३ तारखेला मी लिहिलंय, "खिडकीशी बसलो होतो." कोण बसलो होतो? मी एकटीच होते. पुन्हा पुन्हा पाहिलं. शाई माझी, अक्षर माझं. अक्षर माझं म्हणते खरी, पण पहिल्या पानावरचा "र" आणि या पानावरचा "र" वेगळा आहे.

म्हणून हरिओमची कामाची वही काढली. ती कपाटात होती, मी कधी उघडली नव्हती. त्याचा "र" तसाच आहे. शेपूट वर वळवलेला.

शेवटच्या पानांवर त्यानं खटक्यांच्या वेळा लिहिता लिहिता मधेच एक ओळ लिहिली आहे : "मामू, तुम्हीच बसा तिच्या शेजारी." ती वही दिवाळीत बंद झाली. मी जानेवारीत आले.

आज काम केलं नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

काकूंशी बोलले. सर बँकेत गेले होते. माझ्या आणि हरिओमच्या वहीतली ती पानं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वाचलं, दाराला कडी घातली, डब्यातून मशीन काढून कानात घातलं. महिन्यात पहिल्यांदा. मग हळू आवाजात बोलल्या.

फोटोतला मुलगा त्यांचा शिवशंकर. अकरा वर्षांपूर्वी औशाच्या अलीकडे मोटरसायकलला ट्रकनं उडवलं. त्यानंतर सर सहा महिने झोपले नाहीत. मग ती पेटी केली. खरखर ऐकली की डोळा लागायचा. रोज घरभर लावून ऐकायला लागले. काकू म्हणाल्या, "आधी वाटलं बरं झालं, माणूस हसून राहिला. मग एक दिवस मला विचारतेत, हे पोरगं कोन हाय गं फोटोतलं? आपलं लेकरू, इकरा. आपलं लेकरू इसरला हा माणूस."

सर निलंग्याकडचे. आईशी कानडीत बोलायचे. आता कानडीचा एक शब्द येत नाही. गेल्या साली उमरीच्या विहिरीच्या गोष्टी सांगायला लागले. काकू उमरीला कधी गेलेल्या नाहीत, सरही नाहीत.

मी विचारलं, मग तुम्हाला काही कसं झालं नाही? काकूंनी कानातलं मशीन काढून तळहातावर ठेवलं. म्हणाल्या, "मी हे काढून ठेवते. म्हनून मी मीच हाय."

मला का सांगितलं नाही, असं मी ओरडून विचारलं. पण मशीन हातात होतं. त्यांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सरांना सरळ विचारलं. ते रागावले नाहीत. व्हरांड्यात खुर्ची ओढून दिली. म्हणाले, दोन प्रती जवळ येतात तेव्हा कुणी कुणाला गिळत नाही. दोघींची सुरुवात पुसली जाते, दुःखासकट, आणि जे उरतं ते कुणा एकाचं नसतं. म्हणून ते दुखत नाही. तुला भीती वाटतेय कारण अंतर अजून शून्य झालेलं नाही.

मी त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, फोटोपुढे उभं केलं. विचारलं, हा कोण?

त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं. मग अदबीनं विचारलं, तुझा भाऊ का?

काकू भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार
उमरी

हे रेल्वे स्टेशनवर बसून लिहितेय. 

सकाळच्या बसनं नांदेड, तिथून गाडीनं उमरी. हरिओमला भेटायचं एवढंच ठरवलं होतं. स्टेशनातून बाहेर पडले आणि चालायला लागले. डाव्या अंगाचा रस्ता, पिठाची गिरणी, मग शेतातली पायवाट. आखाड्यावर, म्हणजे त्यांच्या शेतातल्या घरी, पोचले तेव्हा ध्यानात आलं की मी कुणालाही पत्ता विचारला नाही.

हळद शिजवणं चाललं होतं. मोठ्या ड्रमातून वाफ सूं सूं करत होती. हरिओमची आई गुणाबाई पुढे आली. मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाली, "कोन गं बाई तू? लांबून वाटलं हरीच येऊन राहिला. चाल डिट्टो त्याची हाय."

विहीर होती. चिंच होती. खालच्या फांदीची साल गुळगुळीत.

हरिओम बाजेवर बसला होता. सव्वीस वर्षांचा असेल, पण केस पांढरे होत चाललेले. मला बघून त्याला नवल वाटलं नाही. विचारलं, अब्बांचा खोकला कसा हाय? जेबाचा पेपर कसा गेला?

गुणाबाई पदर तोंडाला लावून रडायला लागली. म्हणाली, असंच बरळतो, घरात कुनी अब्बा न्हाई, कुनी जेबा न्हाई, देवरुशाकडं नेलं, नांदेडच्या डाक्टरकडं नेलं.

मग तो मला म्हणाला, "अम्मीनं पाणी मागितलं तवा मी झोपलो होतो. दवाखान्यातल्या बाकड्यावर. नर्सनं उठवलं तवर संपलं होतं. अब्बाला मी सांगितलं, अम्मी झोपेत गेली. खोटं सांगितलं." आणि तो ढसाढसा रडला. माणूस सख्ख्या आईसाठी रडतो तसा.

ही गोष्ट माझी असणार. त्याची आई तर समोर उभी होती. पण मला ती आठवली नाही. मी ती आज त्याच्या तोंडून ऐकली. सात वर्षं मी जे कुणाला सांगितलं नाही, ते मला परक्याकडून कळतंय, आणि मला रडू येत नाही.

तो म्हणाला, "मलाबी आता पुसट होत चाललंय. लवकर लिहून घे." मी लिहून घेतलं. अम्मीच्या हातावरचा भाजल्याचा डाग. घरातली हिरवी ट्रंक. जेबा लहानपणी शेगडीत पाय घालून बसायची ते. दोन पानं भरली. तो सांगत गेला, मी लिहीत गेले, शाळेत फळ्यावरचं उतरवून घेतात तसं.

निघताना माशी आली म्हणून मी डावा हात कानाशी नेला. त्यानंही नेला. त्याच्याकडे माशी नव्हती. गुणाबाई आम्हा दोघांकडे बघत मागे मागे सरकत गेली.

१० फेब्रुवारी, सोमवार
मुदखेड

घरी आले. काल उमरीला जाताना गाडी मुदखेडवरूनच गेली असणार. मी मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं.

अब्बांना एकदम आनंद झाला. मी दाराशी उभी राहिले, कुणी बस म्हणेल म्हणून. जेबा म्हणाली, आपा, पावणी आहेस का?

जेबानं वही वाचली. सगळी. वाचून माझ्या कुशीत शिरून झोपली, लहानपणी झोपायची तशी. लहानपणी झोपायची का? हरिओमच्या पानांत तसं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नांदेडला डॉक्टरांना दाखवलं. थकवा, झोप नाही, गोळ्या. अब्बांनी परत येताना मोसंब्या घेतल्या आणि गाडीत सोलून एकेक फोड हातात देत राहिले.  फक्त एकदा म्हणाले, "बेटा, जो भूली सो भूली, मेरेकू नको भूल."

मी म्हणाले, नाही भुलणार.

गोळ्यांनी काही होत नाही. हेडफोन नाही, तरी ऐकू येतं. पंख्यात, नळात. अब्बा स्टो पेटवून बघतात त्या आवाजात तर अगदी स्पष्ट. माझेही एकतीस तासच ऐकून झाले होते; ते सगळे पाठ झाले आहेत. कुठल्या क्षणाला कसला चढ, कुठे उतार, सगळं. नुसता आवाज ऐकून कुणी पाठ करू शकतं का? पण झालंय. ते आपलं आपण पुढे सरकत राहतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सरांचा मेसेज. तू आली नाहीस तरी हरकत नाही, सोमवारपासून औशाची तनुजा येत आहे, हुशार मुलगी आहे, चौथी प्रत मिळाली की सिद्धता पक्की होईल.

चौथी. सर, हरिओम, मी, आणि आता ती.

जायला हवं. जेबानं बॅग लपवली. अब्बा म्हणाले, मी येतो. मी नको म्हणाले. त्यांनी ती खरखर एक मिनिटही ऐकता कामा नये. बॅगेशिवाय निघते.

१५ फेब्रुवारी, शनिवार
लातूर

झालं. सर व्हरांड्यात पेपर वाचत होते. काकूंनी पेटी अंगणात आणली, मी हार्ड डिस्क, तिची दुसरी प्रत आणि हेडफोनसुद्धा आणले. काकूंनी पाट्यावर ठेवून वरवंट्यानं ठेचलं. त्यांच्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. प्रत्येक घावाला "माझं लेकरू, माझं लेकरू" म्हणत होत्या. तारा, काचा, पत्र्याचे तुकडे. सगळं गोळा करून बंद पडलेल्या बोअरमध्ये टाकलं.

सर पेपर घेऊन तसेच आले. म्हणाले, "हरकत न्हाई. आता तिची गरज न्हाई." "न्हाई" म्हणाले. सर असं बोलत नसत. हरिओम बोलतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तनुजा आली. एका हातात सामानाची पत्र्याची पेटी, डोक्याला तेल, वेणीत अबोली. लई हसरी पोरगी. काकूंनी फाटकातूनच परत पाठवली. ती हिरमुसली, रडवेली झाली. शिव्याही देत असेल मनात. देऊ दे.

ती वळून कोपऱ्याआड गेली तेव्हा मी खाली बसले आणि बराच वेळ उठले नाही. निदान एक तरी वाचली.

१९ फेब्रुवारी

घरी जायला स्टँडवर गेलो. गेले. गेले.

बोर्ड वाचला. नांदेड, मुदखेड, उमरी, निलंगा. सगळीकडं घर हाय असं वाटलं. म्हणजे एकीकडंही न्हाई. निलंग्याच्या बसमध्ये बसले, उतरले. नांदेडच्या बसमध्ये बसले — कंडक्टरनं विचारलं कुठलं तिकीट — काय सांगू? माणसं खोळंबली. उतरले.

चालत परत आले. पायांना फक्त हीच वाट येते.

२२ फेब्रुवारी

हरिओमनं सांगितलेली दोन पानं रोज वाचते. अम्मीच्या हातावर डाग. हिरवी ट्रंक. शेगडी. पहिल्या दिवशी रडू येत नाही याचं वाईट तरी वाटलं होतं. आज धड्यासारखं वाटलं. कुणाची तरी अम्मी. परीक्षेत विचारलं तर सांगता येईल, एवढंच.

फोन वाजतो. "जेबा" असं नाव येतं. उचलायची भीती वाटते. आवाज ओळखला नाही तर —

२५ फेब्रुवारी

गुणाबाईचा फोन आला काकूंच्या मोबाइलवर, मीच घेतला. हरी जेवत न्हाई. कुनालाच ओळखत न्हाई. अब्बा, जेबा म्हनत होता तेवढं तरी म्हनू दे असं वाटतंय, आता तेबी म्हनत न्हाई. नुसता गप्प. हसून राहिला.

म्हणजे आता ते माझ्यातही न्हाई, त्याच्यातही न्हाई. मग कुठं गेलं? एवढं मोठं घर, माणसं, ट्रंक — कुठंतरी तर असायला पाहिजे —

१ मार्च

फोन उचलला. मुलगी म्हणाली, आपा, चाँद दिसला, उद्या पहिला रोजा, ये ना. मी विचारलं, कोणता चाँद.  मग नुसतं रडणं. वाईट वाटलं. कुणाची तरी वाट बघून राहिली बिचारी. नंबर चुकला असेल.

नंतर वहीत पाहिलं. जेबा म्हणजे बहीण. लिहिलंय. पहिल्याच पानावर लिहिलंय —

परत लावला. सॉरी म्हणायचं होतं. काय म्हणायचं ते आठवेपर्यंत तिनं तीनदा हॅलो —

४ मार्च

सर आणि मी व्हरांड्यात बसतो. बोलावं लागत नाही. पाणी पाहिजे असलं की दोघं उठतो. भीती वाटते का? सकाळी वाटत होती. काकू दोघांना जेवू घालतात. काल त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं. "तू इकरा हायस. म्हन. इकरा. म्हन." म्हणालो. म्हणालो तर खरं. त्या जास्तच रडल्या.

तारीख —

काकूंनी फोटो समोर आणून ठेवला. कोण, विचारलं. मला उत्तर माहीत होतं, वहीत आहे. शिवशंकर. सांगितलं. सरांनी पण सांगितलं, माझ्याबरोबरच. काकू एकदम उठल्या, सरांच्या गालावरून हात फिरवला. त्यांना वाटलं आठवलं. आठवलं न्हाई काकू. मी वाचलं. आणि मी वाचलं म्हणून —

—

नको. नको होतं मला हे. कुणीतरी आत ओरडतंय, नको. बारीक आवाज. बाईचा. रोज थोडा लांब. त्याला धरून ठेवायला पाहिजे, हाताला लागत न्हाई —

—

फाटकाशी एक म्हातारा आलाय. सकाळपासून हाय. दाढी पांढरी, हाताच्या बोटांना काळं तेल मुरलेलं. काकूंनी आत बोलावलं. उन्हातून आला म्हणून पाणी दिलं तर प्यायला न्हाई, रोजा हाय म्हणाला. खोकतो. आठ दिवस फोन उचलत नव्हती म्हणून मुदखेडहून आलो म्हणाला. कोण उचलत नव्हती, ते मी विचारलं. 

माणूस चांगला दिसतो. त्याला मदत करावी असं वाटतंय. सरांनाही वाटतंय. आम्ही दोघं पुढं झालो तर तो सरांकडं न बघता माझ्याच पुढ्यात, जमिनीवर बसला. माझे पाय धरले. एवढ्या वयाच्या माणसानं पाय धरू नये. मी म्हणालो, बाबा, उठा. तर तोंडावर हात ठेवून —

त्यानं वही मागितली. ही. पेन घेतलं आणि या पानावर, खाली, उजवीकडून डावीकडं काहीतरी लिहिलं. चार-पाच फटकारे. काकूंना म्हणाला, ही उर्दू अक्षरं मीच शिकवली तिला, दुकानात, रद्दी कागदावर, पाच वर्षांची होती. तिचं नावच हाय हे.  वाच. नावाचा अर्थच "वाच" असा हाय.

बोट ठेवून सांगून राहिला, पढ, बेटा. वाच. एवढंच वाच, मग मी जातो. बोट कागदावरून काढत न्हाई. त्याच्यासाठी तरी वाचलं पाहिजे. वाचतो. पहिलं अक्षर नुसती उभी रेघ हाय, काठीवानी. दुसऱ्यावर दोन ठिपके. दोन ठिपके, आणि त्याच्या पुढं —